शर्यतींचे मैदान ओसाड का पडते? बेळगावच्या रेसकोर्सच्या निमित्ताने

बेळगावात आज 'रेसकोर्स' म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे घोडे येत नाहीत. कॅम्पाच्या बाजूचे लष्कराच्या ताब्यातले विस्तीर्ण रान आणि तिथले गोल्फचे मैदान एवढेच आठवते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच परिसरात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि शोधासाठी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले. त्या दिवसांत बाहेरगावच्या वाचकांनाही हे नाव ओळखीचे झाले. कोल्हापुरात संभाजीनगरकडे जाताना 'रेसकोर्स नाका' लागतो, तिथेही अशीच स्थिती आहे. नाव पत्त्यात पक्के बसले आहे, शर्यतींचा मात्र मागमूस उरलेला नाही.

या गावांत खरोखर शर्यती होत असत का, आणि होत असतील तर त्या बंद का पडल्या, असा प्रश्न नवीन पिढीला पडणे स्वाभाविक आहे. 'इंग्रज गेले, म्हणून शर्यती गेल्या' हे उत्तर सहज सुचते, पण ते अपुरे आहे. इंग्रज मुंबईतूनही गेले, पुण्यातूनही गेले, आणि त्या दोन्ही ठिकाणी शर्यती चालूच राहिल्या. लहान शहरातले रेसकोर्स तीन गोष्टींवर उभे असते: घोडे, पैज आणि जमीन. या तिन्हींवर गावाचा हक्क नसेल तर ते मैदान फार काळ टिकत नाही. बेळगावच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट गावाच्या हातात नव्हती.

आधी घोड्यांचे पाहू. एप्रिल १८१८ मध्ये थॉमस मन्रो याच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे १८३२ च्या सुमारास येथे कायमची लष्करी छावणी वसली. हवा थंड, उंची समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट, आणि वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाटमार्गे माल आणण्याची सोय असल्यामुळे हे ठाणे लष्कराला मानवले. छावणीबरोबर बाजार वाढला. बेळगावची पेठ जुनीच होती, पण सैन्याला लागणारे धान्य, कापड, चामडे आणि वैरण पुरवणारे व्यापारी, नालबंद, खोगीर शिवणारे, मोतद्दार अशा लोकांना छावणीने नवे काम दिले. त्या काळी सैन्याची हालचाल घोड्यावर अवलंबून होती. अधिकाऱ्याला स्वतःचा घोडा लागे आणि तोफखान्याच्या तोफा घोडेच ओढत. शे-दोनशे घोडे, ते बाळगणारे तरुण अधिकारी आणि सपाट मोकळी जमीन एकत्र आली की शर्यत भरवायला वेगळे निमित्त लागत नसे. पश्चिम भारतातल्या बहुतेक जुन्या रेसकोर्सचा उगम अशाच छावण्यांत आहे. पुण्याचे रेसकोर्स १८३० चे, आणि तेही लष्कराच्या जमिनीवरचे.

आपल्याकडे घोडा नवीन नव्हता, हेही येथे सांगायला हवे. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांच्या घोडदळाने दूरवर मजल मारली. मात्र भीमथडीचे तट्टू काटक आणि लांब पल्ल्याचे होते. थोड्या अंतरात प्रचंड वेग गाठणे हे त्याचे काम नव्हते. छावणीतल्या शर्यतींत सुरुवातीला मान होता तो अरबी घोड्याला. हे घोडे इराणच्या आखातातून गलबतांनी मुंबईला येत आणि तिथल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांतून देशभर जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ऑस्ट्रेलियातून येणारे 'वेलर' घोडे त्यांच्या जोडीला आले. त्यानंतर 'थरोब्रेड' म्हणून ओळखला जाणारा, केवळ शर्यतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेला इंग्लिश घोडा आला. या जातीची वंशावळ नोंदवणारे पुस्तक इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये सुरू झाले आणि जातीतल्या सर्व घोड्यांचे पितृवंश तीनच मूळ घोड्यांपर्यंत पोहोचतात. मैल-दीड मैलाच्या सपाट धावेत थरोब्रेडपुढे अरबी घोडा टिकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे थरोब्रेड विकत घेण्याचा आणि पोसण्याचा पैसा, त्याच्याकडे शर्यत. पगारावर जगणारा छावणीतला अधिकारी इथेच मागे पडू लागला.

मग असमान घोड्यांची शर्यत लावायची कशी? यासाठी जी युक्ती आहे, ती समजली की घोड्यांच्या शर्यतीचे निम्मे गणित समजते. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून गुण दिले जातात आणि जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवले जाते. उत्तम घोडा ६० किलो घेऊन धावत असेल तर कमकुवत घोडा ५० किलो घेऊन धावेल. हे वजन स्वार, खोगीर आणि खोगिराखालच्या कापडी कप्प्यांत घातलेल्या शिशाच्या पट्ट्या मिळून मोजतात. म्हणून शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर स्वाराला खोगिरासकट काट्यावर उभे राहावे लागते. नंतरचे वजन कमी भरले तर जिंकलेला घोडाही बाद होतो. सर्व घोडे शेवटच्या खांबाशी एकाच वेळी पोहोचावेत, हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे उद्दिष्ट असते, आणि ते कधीच पूर्ण साध्य होत नाही म्हणून तर पैज लागते. लहान घोड्यांच्या शर्यतींत उंचीवरूनही वजन ठरे. पोनीची मर्यादा खांद्यापाशी ५८ इंच, म्हणजे साधारण १४७ सेंटीमीटर. एका इंचाच्या फरकाने पाठीवरचे वजन बदलत असल्यामुळे घोड्याची उंची मोजण्याचा प्रसंग शर्यतीइतकाच महत्त्वाचा ठरे.

या गुणांकनाला नोंदी लागतात. घोडा कुठे, कधी, कोणाविरुद्ध, किती वजन घेऊन धावला याचा विश्वासार्ह हिशेब ठेवणारी मध्यवर्ती संस्था लागते. पश्चिम भारतात हे काम मुंबईच्या टर्फ क्लबकडे आले. भायखळ्याच्या मैदानावर सुरू झालेला हा क्लब महालक्ष्मीला १८८३ मध्ये गेला आणि १९३५ मध्ये 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' झाला. अशा क्लबांच्या नियमांत एक कडक तरतूद असते: क्लबाने मान्यता न दिलेल्या शर्यतीत धावलेला घोडा मान्यताप्राप्त शर्यतीत धावू शकत नाही. फसवणूक रोखण्यासाठी ही तरतूद योग्यच होती, पण तिचा परिणाम लहान गावांवर जबर झाला. पुण्या-मुंबईत धावण्याची ज्याला आशा आहे, तो मालक आपला घोडा गावच्या हौशी शर्यतीत उतरवून कायमचा अपात्र कशाला करील? चांगले घोडे आपोआप मोठ्या मैदानांकडे सरकले. १८८७ मध्ये सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचल्यावर घोडा डब्यात चढवून दूरच्या शर्यतीला नेणेही सोपे झाले. रेल्वेने गावोगाव शर्यती वाढवल्या असाव्यात, असा समज सहज होतो. माझ्या मते उलटेच घडले. रेल्वेने मोठ्या मैदानांना घोडे पुरवले आणि लहान मैदानांचे घोडे काढून घेतले.

पावसाचाही यात वाटा आहे. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो आणि मुंबईचा हिवाळ्यात, त्यामुळे दोन्ही मैदाने एकमेकांचे घोडे वापरू शकतात. पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, तर बेळगावचा १,२०० ते १,३०० मिलिमीटर. जून ते सप्टेंबर या काळात बेळगावच्या चिखलात घोडे पळवणे धोक्याचे. उरतात ते हिवाळ्याचे महिने, आणि त्याच महिन्यांत महालक्ष्मीचा मोठा हंगाम भरात असतो. वेळापत्रकातच बेळगावला जागा नव्हती.

आता पैजेकडे वळू, कारण शर्यतीचा खर्च तिच्यावर चालतो. पैज लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत बुकी स्वतःच्या जोखमीवर भाव सांगतो आणि हरल्यास पैसे स्वतःच्या खिशातून देतो. दुसरी रीत 'टोट'ची. हिच्यात सर्वांचे पैसे एका खात्यात जमा होतात, त्यातून ठरावीक टक्के कर आणि खर्चासाठी कापले जातात आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावलेल्यांत वाटली जाते. टोट कधी बुडत नाही, म्हणून क्लबांना आणि सरकारांना ती सोयीची वाटते.

पण टोट चालायला गर्दी हवी. समजा, तिकीट १० रुपयांचे आहे आणि मोठ्या मैदानावर एका शर्यतीत १,००० तिकिटे खपली. जमा झाले १०,००० रुपये. २० टक्के कापून ८,००० उरले. जिंकलेल्या घोड्यावर ४०० तिकिटे असतील तर प्रत्येकी २० रुपये मिळतील. ऐनवेळी एखाद्या धनिकाने त्याच घोड्यावर आणखी ४० तिकिटे घेतली, तरी वाटप साधारण १८ रुपये ९० पैशांवर येईल. फारसे बिघडणार नाही. आता लहान गाव घ्या. तिथे ६० तिकिटे खपली, ६०० रुपये जमले, कापून ४८० उरले. जिंकलेल्या घोड्यावर ४० तिकिटे असतील तर प्रत्येकी १२ रुपये. इथे त्या एकट्या धनिकाने ४० तिकिटे घेतली की एकूण जमा १,००० होते, वाटायला ८०० उरतात आणि ती ८० तिकिटांत विभागली जातात. हाती येतात १० रुपये, म्हणजे लावलेलेच परत. घोडा ओळखूनही काही मिळाले नाही, असा अनुभव दोन-चारदा आला की लोक येणे सोडतात. शिवाय कापलेल्या १२० ते २०० रुपयांतून बक्षिसे, मैदानाची निगा, पंच, पशुवैद्य यांपैकी काय भागणार? बक्षीस लहान, म्हणून घोडे येत नाहीत; घोडे येत नाहीत, म्हणून गर्दी नाही; गर्दी नाही, म्हणून बक्षीस आणखी लहान. या फेऱ्यातून लहान रेसकोर्स बाहेर पडू शकत नाही.

कायद्यानेही हाच कल पक्का केला. मुंबई इलाख्यात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने पैजेवर बंधने घातली. घोड्यांच्या शर्यतीवरची पैज त्यातून वगळली गेली ती अटींसह: परवाना असलेले रेसकोर्स, शर्यतीचा दिवस आणि त्यासाठी राखलेले आवार. १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याने शर्यत भरवण्यासाठीच परवाना आवश्यक केला आणि १९२५ मध्ये पैजेवरच्या कराचा कायदा आला. मोठ्या क्लबाला परवाना, हिशेब आणि कर सांभाळायला कचेरी आणि नोकरवर्ग असतो. छावणीतल्या हौशी समितीकडे यांपैकी काहीच नसते, आणि तिचे सभासदही दर दोन-तीन वर्षांनी बदलून दुसऱ्या ठाण्यावर जातात.

सीमाभागातल्या वाचकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा राज्यांचा विषय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ नुसार इथले जुने मुंबई कायदे लगेच रद्द झाले नाहीत; नवे सरकार बदल करीपर्यंत ते या भूभागावर लागू राहिले. मात्र परवाना देणारे सरकार बदलले होते. म्हैसूर राज्याकडे १९५२ चा स्वतःचा रेसकोर्स परवाना कायदा होता आणि बंगळूर व म्हैसूर येथे चालू असलेली मोठी मैदाने होती. ज्या मुंबई-पुण्याच्या शर्यतींशी बेळगावचे नाते होते, त्यांचे क्लब आता दुसऱ्या राज्यात राहिले. राज्याच्या वायव्य टोकाला तिसरे रेसकोर्स उभे करण्याचे कारण बंगळूरला कधी जाणवले नाही. सीमाप्रश्नाची चर्चा आपण शाळा, पाट्या आणि कचेऱ्यांच्या भाषेवरून करतो, आणि ते योग्यच आहे. पण १९५६ च्या त्या रेषेने लहानसहान व्यवहारांचे जुने धागेही कसे तोडले, त्याचे हे एक उदाहरण आहे.

घोड्यांची शर्यत हा जुगार की कौशल्याचा खेळ, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तमिळनाडू सरकारने १९७४ मध्ये कायदा करून घोड्यांच्या शर्यतीवरची पैज बंद करण्याचा निर्णय घेतला होता. डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की घोड्याचा वंश, तयारी, वजन, स्वाराचे कसब यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, म्हणून हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. हा निकाल चालू क्लबांना तारणारा ठरला. तरीही कर वाढतच गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्के ठरला, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागू असल्याचे स्पष्ट करण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. मोठे क्लबही या ओझ्याखाली वाकले असताना बेळगावसारख्या गावात शर्यती पुन्हा सुरू होण्याची शक्यता कोणी धरू नये.

हे सारे होण्याआधीच मूळ कारण नाहीसे झाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९३८ पासून, भारतीय घोडदळाचे घोडे काढून त्यांच्या जागी मोटारी आणि चिलखती गाड्या आणल्या गेल्या. तोफाही ट्रकांमागून जाऊ लागल्या. आज भारतीय सैन्यात पूर्णपणे घोड्यावरची पलटण एकच आहे, १९५३ मध्ये उभारलेली आणि जयपूरला असलेली ६१ कॅव्हलरी. बेळगावची छावणी मात्र कमी झाली नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आहे, कमांडोंचे प्रशिक्षण येथे होते. सैन्य राहिले, त्याचे घोडे गेले, आणि घोडे गेल्यावर मैदानाला शर्यतीचा उपयोग उरला नाही.

आता जमीन, जी मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये टेस्ट नदीच्या काठी स्टॉकब्रिज नावाचे छोटे बाजारगाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले रेसकोर्स देशभर नावाजलेले होते. जवळच डेनबरी येथे जॉन डे यांच्या घराण्याचे प्रसिद्ध तबेले होते आणि युवराज एडवर्डही तिथे येत असत. घोडे होते, पैसा होता, प्रतिष्ठा होती. पण शर्यतींचे नियमन करणाऱ्या जॉकी क्लबाने सरळ धावेची पट्टी एक मैलाची असावी असा नियम केला. त्यासाठी लागणारी जमीन एका धर्मनिष्ठ बाईंच्या मालकीची होती आणि पैजेला विरोध असल्यामुळे त्यांनी ती देण्यास नकार दिला. १८९८ मध्ये स्टॉकब्रिजच्या शर्यती संपल्या. आजही तिथल्या शेतांत प्रेक्षकगृहाचे अवशेष उभे आहेत.

आपल्याकडच्या मोठ्या मैदानांचा प्रश्नही शेवटी जमिनीपाशीच येतो. महालक्ष्मीच्या जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि २०२४ मध्ये झालेल्या व्यवस्थेनुसार २११ एकरांपैकी १२० एकर जमीन मुंबई महापालिकेकडे उद्यानासाठी आली. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा सुमारे १६० एकरांचा भाडेपट्टा रद्द केला. शहराच्या मध्यभागी एवढी मोकळी जागा कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न आता टाळता येत नाही, आणि तो विचारणे चुकीचेही नाही.

बेळगावच्या रेसकोर्सची जमीन संरक्षण खात्याची असल्यामुळे तिच्यावर वसाहती उठल्या नाहीत, हे शहराचे भाग्यच म्हणायचे. चारही बाजूंनी उपनगरे दाटत गेली, हनुमाननगर, जाधवनगर, सह्याद्रीनगर या वस्त्या वाढल्या, आणि मधे हे झाडा-गवताचे रान तसेच राहिले. पावसाचे पाणी मुरवणारी, पक्ष्यांना आणि कधीकाळी बिबट्यालाही आसरा देणारी एवढी सलग जागा शहरात दुसरी सापडणे कठीण. मैदानाला घोडे पुरवणाऱ्या लष्करानेच घोडे काढून घेतले आणि त्याच लष्कराच्या मालकीने मैदान वाचवले.

चिकोडी, रायबाग, अथणी या भागांत जत्रेला घोडागाडीच्या शर्यती होतात, त्यांना या रेसकोर्सचे वारस मानण्याची चूक करू नये. त्या शेतकऱ्यांच्या, गावच्या मातीतल्या शर्यती आहेत. त्यांना ना हँडिकॅप लागतो, ना वंशावळीचे पुस्तक, आणि त्यांचा कायदाही वेगळा आहे.

ज्यांना या विषयात पुढे जायचे असेल त्यांनी कॅन्टोन्मेंटच्या जमिनींची 'जनरल लँड रजिस्टर' ही नोंदवही कशी असते ते समजून घ्यावे. प्रत्येक छावणीतल्या भूखंडाचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, वर्ग आणि ताबेदार तिच्यात लिहिलेला असतो. 'अ-१' वर्गातली जमीन प्रत्यक्ष लष्करी वापराची आणि 'ब' व 'क' वर्गांतली इतर वापरांची, अशी ढोबळ विभागणी आहे. केंद्र सरकारने कॅन्टोन्मेंटांचे नागरी भाग वेगळे काढून शेजारच्या पालिकांना जोडण्याचे धोरण घेतले असून, एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. बेळगावच्या कॅम्पाबद्दलही ही प्रक्रिया चर्चेत आहे. या धोरणानुसार नागरी वस्ती पालिकेकडे जाते आणि लष्करी भाग लष्करी ठाणे म्हणून सैन्याकडेच राहतो. म्हणजे रेसकोर्सच्या जमिनीचे पुढे काय होईल, हे त्या नोंदवहीतला तिचा वर्ग ठरवील. तो वर्ग कोणता, याची विचारणा नागरिकांनी माहितीच्या अधिकारात, विलीनीकरणाचा नकाशा अंतिम होण्याआधी करावी.